सावळवाडीचा बिनकाट्याचा रोहू

सन दोन हजार एकच्या एप्रिल महिन्यात सावळवाडीच्या तलावात मासे आहेत, ही बाब शासनाच्या निदर्शनास आली. ते चुकीचे मासे आहेत, हे निदर्शनास यायला आणखी तीन आठवडे लागले.

तलाव बहात्तरच्या दुष्काळात खोदलेला. हिंगोलीहून औंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून दीड कोस आत. त्याच्या पाळूला, म्हणजे बांधाला, लागून भोयांची चोवीस घरं, आणि त्या चोवीस घरांची मिळून एक मच्छीमार संस्था. रामकिशन तिचा चेअरमन होता, कारण त्याला सही करता येत होती. चेअरमन म्हणजे संस्थेचा शिक्का ज्याच्या ट्रंकेत असतो आणि थंडीच्या दिवसांत ज्याला सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरावं लागतं तो माणूस. याखेरीज त्या पदाला काही अधिकार असतात, असं रामकिशनला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघून तेव्हा दोन वर्षं होत आली होती. नवा जिल्हा झाला की कार्यालयं लागतात, कार्यालयाला खुर्च्या लागतात आणि खुर्चीत बसलेल्याला काही तरी सुधारावं लागतं. माणसं, रस्ते आणि शाळा सुधारायला आधीच कार्यालयं होती. उरले मासे. त्यांच्यासाठी 'मत्स्य उन्नयन कक्ष' उघडण्यात आला, आणि त्या कक्षाचे पतंगे साहेब जीपमधून सावळवाडीला आले.

साहेबांनी पाळूवर खुर्ची मागवली, फॉर्म काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"तलावात कटला आहे?"

"न्हाई साहेब," रामकिशन म्हणाला.

"रोहू?"

"न्हाई."

"मृगळ?"

"ते बी न्हाई."

साहेबांनी टोपण लावलं. "म्हणजे तलावात मासाच नाही."

"हाय की साहेब. मरळ हाय, वाम हाय, शिंगटी हाय, खवली हाय, झिंगे हायत. धा-अकरा जाती भरतील."

"ते मासे नव्हेत. ते अनिष्ट मासे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी परिपत्रक दाखवलं. परिपत्रकात तीन मासे इष्ट होते. बाकी जे काही पाण्यात हलतं ते अनिष्ट. रामकिशनच्या तलावातला एकही जीव पहिल्या यादीत नव्हता आणि एकही दुसरीतून सुटला नव्हता. इतकी परिपूर्ण अनिष्टता जिल्ह्यात दुसरीकडं कुठंच सापडली नाही, असं साहेब जवळजवळ कौतुकानं म्हणाले.

दुपारी रामकिशनच्या घरी जेवण झालं. त्याच्या बायकोनं, शकुबाईनं, मरळीचं कालवण केलं होतं. मरळ अनिष्ट का, हा प्रश्न रामकिशनच्या जिभेवर सकाळपासून होता. तो त्यानं भीत भीत विचारला.

"ती मांसाहारी आहे," मरळीचा तिसरा तुकडा ताटात घेत साहेब म्हणाले. "दुसऱ्या माशांना खाते. अशी प्रवृत्ती शासन खपवून घेणार नाही."

"आन् बारीक मासळीनं काय केलं?" चुलीपासून शकुबाईनं विचारलं.

"तिला बाजारभाव नाही."

"काहून न्हाई? पाटीभर मासळीला पायलीभर जवारी देतेत लोक. नरसीपावतर डोक्यावर घेऊन जाते मी. एक दिस पाटी वापस आली न्हाई."

"बाई, फॉर्मात रकाना रुपयांचा आहे."

"मग जवारीचा एक रकाना काढा की."

"रकाना मुंबईहून येतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी भाकरी मागितली.

जाताना त्यांनी नियम समजावून सांगितला. एकतीस मेपर्यंत तलाव अनिष्टमुक्त झाला नाही, तर संस्थेचा ठेका रद्द होईल आणि तलाव लिलावात निघेल. चोवीस घरांपैकी एकाकडंही शेत नव्हतं. तलाव गेला तर या माणसांनी करायचं काय, हा प्रश्न फॉर्मात नव्हता.

मात्र मासा अनिष्ट असल्याची खात्री केल्याशिवाय त्याचं निर्मूलन करणं कायद्याला धरून झालं नसतं. म्हणून दर शनिवारी दोन किलो मरळ नमुना म्हणून हिंगोलीला पाठवण्याचं ठरलं. प्रयोगशाळा साहेबांच्या क्वार्टरमध्ये होती. पहिल्या आठवड्याचा अहवाल असा आला: 'नमुना तपासला असता तो सर्वांगानं अनिष्ट आढळला. डोक्याच्या भागाबाबत संदेह आहे. खात्रीस्तव पुन्हा नमुना पाठवावा.' दुसऱ्या आठवड्यात डोक्याबाबतचा संदेह फिटला, पण साहेबांच्या मेहुण्याला स्वतंत्र मत हवं होतं. अशी पाच शनिवार खात्री पटत गेली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मोहाच्या पेंडीची पोती आली. ही पेंड पाण्यात कालवली की मासे गुंगून वर येतात. माणसाला मात्र असे मासे खाल्ल्यानं बाधत नाही, म्हणून पंचक्रोशीतली माणसं आदल्या रात्रीच घमेली घेऊन पाळूवर मुक्कामाला आली.

संस्थेचे सगळ्यांत जुने सभासद दगडोबा यांनी मात्र त्या दिवशी पहाटेच पंधरा तगड्या मरळी घागरीतून नेऊन आपल्या विहिरीत सोडल्या. यात बंडखोरी नव्हती. विहिरीत मरळ असावी, ती किडा-मुंगी खाते आणि पाणी नितळ राहतं, अशी भोयांची पहिल्यापासूनची रीत. दगडोबांच्या विहिरीतल्या मरळी मागच्या उन्हाळ्यात कुणी तरी काढून खाल्ल्या होत्या.

"दगडोबा, परिपत्रक हाय," रामकिशन म्हणाला.

"तळ्याचं हाय नव्हं? इहिरीचं आल्यावर बघू," दगडोबा म्हणाले.

तीन दिवस सावळवाडीत आणि आसपासच्या सात गावांत घरोघरी अनिष्ट मासे शिजले. पाच पंचांनी पंचनामा केला, 'सर्व मृत मासे अनिष्ट असल्याची आमची खात्री झाली' असं लिहून सह्या केल्या आणि पुरावा पाच सारख्या भागांत वाटून घेतला. चौथ्या दिवशी तलावात जाळं टाकलं तर त्यात नुसता गाळ आला. पाळूवर पत्र्याची पाटी ठोकण्यात आली: 'अनिष्टमुक्त तलाव'. त्यात अर्थातच काहीही खोटं नव्हतं.

पाचव्या दिवशी शकुबाई सवयीनं पाटी धुऊन दारात बसली. तिला बराच वेळ तसंच बसलेलं पाहून रामकिशन घरातून बाहेर आलाच नाही.

इष्ट मासे जुलैत आले. रोहूची दहा हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पाण्याच्या पिशव्यांत भरून हिंगोलीच्या एका ट्रकमालकानं आणली. कार्यक्रम अकराचा होता. मंडप होता, हार होते, नारळ होता, प्रमुख पाहुणे तेवढे नव्हते. ते दोन वाजता आले, पावणेतीनपर्यंत बोलले, आणि तोपर्यंत ट्रक उन्हात उभा होता. पहिली पिशवी पाहुण्यांनी पाण्यात उलटी केली तेव्हा सगळी पिल्लं पोटं वर करून तरंगायला लागली.

"झोपलीत वाटतं," पाहुणे म्हणाले.

"प्रवासाचा शीण," पतंगे साहेब म्हणाले, आणि फोटो निघाला. दहा हजार बोटुकली तलावात सोडण्यात आल्याचा अहवाल संध्याकाळीच वर गेला. ती पोहली की नाही, असा रकाना नव्हता.

ते वर्ष भोयांनी कसं काढलं ते सांगत बसत नाही. कुणी हळदीच्या शेतात खुरपायला गेलं, कुणी वीटभट्टीवर. रामकिशन संस्थेचा शिक्का ट्रंकेत ठेवून मोंढ्यात पोती उचलायला जायचा आणि तिथं लोक त्याला थट्टेनं चेअरमन म्हणायचे. ठेका तेवढा शाबूत होता. आज ना उद्या तलावात काही तरी पोहायला लागेल, एवढ्या आशेवर तो होता.

फेब्रुवारीत पतंगे साहेब घाम पुसत आले. औरंगाबादेहून मोठे साहेब योजनेची फलश्रुती पाहायला येत होते. फलश्रुती म्हणजे रोहू, तो तलावातला पाहिजे आणि दुपारच्या जेवणात पाहिजे.

"साहेब, रोहू कुठला? तुमच्याम्होरं तर मेले सगळे."

"मेल्याची नोंद नाही, चेअरमन. दहा हजार सोडल्याची नोंद आहे. आता ते सापडले नाहीत तर याचा अर्थ तुम्ही चोरून विकले. ठेका रद्द आणि वर फौजदारी."

"आन् बाजारातून आनला तर?"

"इथं कुठं मिळतो? हैदराबादेहून बर्फातला येईपर्यंत साहेब परत गेलेले असतील." पतंगे साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दगडोबांच्या विहिरीत काही आहे, असं ऐकतो."

"ती मरळ हाय साहेब."

"कापल्यावर काय ते कुणाला कळतं?"

विहिरीतून सात मरळी निघाल्या. शकुबाईनं वसमतची हळद लावून, लसूण-खोबऱ्याचं वाटण घालून असं कालवण केलं, की मोठे साहेब पहिल्या घासाला बोलायचे थांबले. मोठे साहेब मत्स्यविषयातले अधिकारी मानले जात. रोहूवर त्यांनी अकरा अहवाल लिहिले होते. समोरासमोर गाठ मात्र आजच पडत होती.

"हा कोणता मासा?" त्यांनी विचारलं.

पतंगे साहेब छताकडं पाहू लागले. सगळ्यांच्या नजरा रामकिशनकडं वळल्या. भोयाच्या घरात पोरगं चालायला लागायच्या आधी माशांची नावं शिकतं, आणि लहानपणी एकदा खवलीला दुसरंच काही म्हटलं म्हणून बापानं रामकिशनला दिवसभर जाळ्याला हात लावू दिला नव्हता. रामकिशननं चोवीस घरं डोळ्यांपुढं आणली आणि मान खाली घातली.

"रोहू हाय साहेब."

त्याला फार वाईट वाटलं. साहेबाला फसवल्याचं नव्हे, साहेब काय, येतात आणि जातात. त्याला मरळीची लाज वाटली.

मोठ्या साहेबांनी ताटातला तुकडा बोटानं चाचपला. "रोहूला काटे फार असतात, असं मीच लिहिलंय. याला तर मधला एक सोडला तर काटाच नाही."

"हीच योजनेची फलश्रुती, सर," पतंगे साहेब म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाही थोडं उशिरानंच कळलं असावं.

मोठे साहेब ताटावरून उठले तेव्हा त्यांचे डोळे आनंदानं ओले झाले होते. अनिष्ट मासे हटवल्यामुळं स्पर्धा संपली, स्पर्धा संपल्यामुळं रोहूला स्वसंरक्षणाची गरज उरली नाही आणि गरज न उरल्यामुळं त्यानं काटे टाकून दिले, असा सिद्धान्त त्यांनी हात धुता धुता मांडला. जीपमध्ये बसेपर्यंत त्याला 'सावळवाडी बिनकाटा रोहू' असं नावही पडलं होतं. रामकिशनचा सहीनिशी जबाब घेण्यात आला: सदर मासा रोहूच असून मी तो पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो.

जूनमध्ये हुकूम आला, की या वाणाची पैदास करावी. दगडोबांच्या विहिरीत उरलेल्या आठ मरळी हार घातलेल्या टपात बसवून, हलगी वाजवत तलावात सोडण्यात आल्या. वर्षापूर्वी ज्यांच्या निर्मूलनाला पेंडीची पोती फोडली होती, त्यांच्याच आगमनाला नारळ फुटला. पाऊस चांगला झाला. दसऱ्यापर्यंत तलावात लाल पिल्लांचे पुंजके दिसायला लागले, आणि त्यांच्याखाली पहारा देणाऱ्या मरळीही. ओढ्याच्या पाण्याबरोबर खवली आली, शिंगटी आली, झिंगे आले. त्यांची नोंद 'बिनकाटा रोहूचे खाद्य' अशी झाली. शकुबाईची पाटी पुन्हा डोक्यावर चढली आणि सावळवाडीत एक वर्ष बरं गेलं.

मग दोन हजार तीनच्या पावसाळ्यात मागच्या मंजुरीतला, त्याच ट्रकमालकाचा दुसरा ट्रक आला. त्यात खरेखुरे रोहू होते, वीतभर वाढलेले. पतंगे साहेबांनी नियमाप्रमाणे एक कापून पाहिला. काटे निघाले. दुसरा कापला, त्यातही काटे. मंजूर नमुन्याशी माल जुळत नव्हता.

"अनिष्ट," साहेबांनी लिहिलं.

रामकिशनला राहवलं नाही. तो साहेबांना बाजूला घेऊन गेला. "साहेब, खरा रोहू ह्योच हाय. तुमाला बी ठावं हाय, मला बी ठावं हाय. त्या दिवशी मी झूट बोललो. लिहून घ्या तसं."

साहेबांनी त्याच्याकडं दयेनं पाहिलं. "चेअरमन, तुमच्या नुसत्या सांगण्यावर शासन कसं चालेल? शासनाकडे तुमचा जबाब आहे. रोहू कसा असतो, ते तुम्ही सहीनिशी सांगितलंय."

"तो मीच की हो."

"तेव्हा तुम्ही साक्षीदार होता. आता तुम्ही अफवा पसरवताय."

रोहूंचं निर्मूलन करणं भाग होतं, पण तलावात पेंड टाकली असती तर मंजूर वाण दगावला असता. तेव्हा ट्रक फक्त तीन तास उन्हात उभा करण्यात आला. या पद्धतीचा कक्षाला अनुभव होता.

दरम्यान बिनकाटा रोहूची कीर्ती हिंगोलीच्या हॉटेलांतून नांदेडपर्यंत गेली. त्याला भाव आला, तोही रुपयांत, रकान्यात अगदी बरोबर बसणारा. ज्या तलावाकडं कुणी बघत नव्हतं त्याला आता किंमत आली. आणि किंमत असलेली वस्तू निविदा काढल्याशिवाय कुणाकडं राहू देणं शासनाला शोभत नाही. ठेक्याची मुदत मार्चमध्ये संपत होती. निविदेला एकच अट होती: अर्जदारास इष्ट मासे हाताळण्याचा पूर्वानुभव असावा.

रामकिशननं तीस वर्षांच्या वह्या ट्रंकेतून काढून साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी पानं चाळली.

"मरळ, वाम, शिंगटी, खवली... अहो, हे सगळं अनिष्ट. तीस वर्षांत इष्ट मासा एकसुद्धा नाही."

"आन् बिनकाटा रोहू? तो कुनी सांभाळला?"

"तो योजनेनं झाला. तुमच्या वहीत तो कुठंय?"

वहीत तो मरळ म्हणून लिहिलेला होता. जबाब एकदा दिला म्हणून घरच्या वहीत खोटं नाव लिहायचं रामकिशनच्या हातून झालं नव्हतं.

अनुभवाचा दाखला फक्त एकाच अर्जाला जोडलेला निघाला. तो ट्रकमालकाचा होता. इष्ट मासे त्यानं दोन वेळा हाताळले होते, तेही हजारोंनी, आणि दोन्ही वेळा कक्षानं समाधान व्यक्त केलं होतं. तलाव त्याला गेला. त्यानं उदारपणे चोवीस घरांना रोजंदारीवर ठेवलं. आपल्याच पाळूवरून, आपल्याच जाळ्यानं, दुसऱ्याचा मासा काढायला रामकिशन रोज सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरतो. चेअरमनपदाचा तेवढा भाग त्याच्याकडं राहिला.

ट्रकमालकानं औंढा रस्त्यावर दुकान घातलं आहे. काचेचं कपाट, बर्फ, वर रंगवलेली पाटी: 'शासनमान्य सावळवाडी बिनकाटा रोहू'. रस्त्याच्या अलीकडं, बाभळीखाली, शकुबाई पाटी घेऊन बसते. सांडव्यावरून ओढ्यात उतरलेला मासा ठेक्यात येत नाही, तो दगडोबा धरून तिला देतात.

पहिल्या आठवड्यात तिच्याकडं गिऱ्हाईक फिरकलं नाही. माणसं विचारायची, हा कोणता मासा. ती सांगायची, मरळ. माणसं म्हणायची, ती तर अनिष्ट ना, आणि पलीकडं जायची.

"रोहू म्हन की," एका संध्याकाळी रामकिशन तिला म्हणाला. "त्योच मासा हाय. एका सबदानं काय व्हतं?"

शकुबाईनं पाटीवर ओलं फडकं टाकलं. "तुमी एकडाव म्हनलात. काय झालं ते बघून राहिलो आपन. मी मरळच म्हननार. घ्यायचा त्यो घेईल."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते रामकिशनला जास्त लागलं.

यंदा श्रावण संपल्यावरच्या पहिल्या रविवारी तुमचीही गाडी त्या बाभळीखाली थांबली होती. शकुबाईला चेहरे लक्षात राहतात. तिनं पाटी खिडकीशी धरली, तुम्ही फडकं उचलून पाहिलंत. मरळ त्याच सकाळची होती, अजून शेपूट हलवत होती. समोरच्या कपाटातली तीन दिवसांची होती. तुम्ही नाव विचारलंत, तिनं खरं सांगितलं. तुम्ही भाव विचारलात. तो समोरच्या निम्म्यानंसुद्धा नव्हता. तेव्हा तुम्ही शेजारी बसलेल्या माणसाकडं पाहून हसलात, काच वर केलीत आणि पलीकडं जाऊन दोन किलो बिनकाटा रोहू घेतलात. रात्री पाहुण्यांनी बोटं चाटत विचारलं, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्यात काय एवढं. मासा ओळखता आला पाहिजे."